मुक्काम कुठे करायचा?

दोन वर्षांपूर्वी आमच्या घरात ठरले, की एकदा आईला श्रीलंका दाखवायची. आम्ही म्हसवडजवळच्या वाडीतले. एकाची एस.टी.तली नोकरी, दुसरीचे शिवणकाम. पतसंस्थेत तीन वर्षे थोडे थोडे साठवले, पासपोर्ट काढले. आम्ही दोघे, आई, मुलगी आणि मुलगा, अशी पाच माणसे. पैशांवरून वाद झाला नाही. झाला तो उतरायचे कुठे, यावरून.

मुलाने मोबाईलवर निगोंबोच्या समुद्रकाठची हॉटेले शोधली. खोलीच्या दारातच पोहण्याचा तलाव! मुलीला कॅंडीची थंड हवा हवी होती. आई सगळे ऐकत बसली होती. शेवटी तिने एवढेच विचारले, "आपल्याला ठिवून घेत्याल का रं तितं?"

मुले हसली. आम्हा दोघांना हसू आले नाही.

वडिलांच्या उपचारासाठी आम्ही एकदा एका मोठ्या गावी गेलो होतो. दवाखान्याजवळ धर्मशाळा होती. तिथल्या माणसाने आडनाव विचारले, गाव विचारले, मग गावात कोणत्या बाजूला राहता तेही विचारले आणि खोली शिल्लक नाही म्हणून सांगितले. आमच्या मागून आलेल्या कुटुंबाला आमच्या देखत किल्ली मिळाली. ती रात्र आम्ही आजारी वडिलांना घेऊन स्टॅण्डवर काढली. आई ते विसरलेली नाही.

त्या रात्री आम्ही मुलांना बाबासाहेबांची गोष्ट सांगितली. ती आपल्याच मुलखातली आहे. शेजारच्या खटाव तालुक्यात गोरेगावला दुष्काळी कामावर तलाव खोदला जात होता आणि सुभेदार रामजी तिथे खजिनदार होते. साधारण 1901 साली लहानगा भीमराव, त्याचा भाऊ आणि भाचे त्यांना भेटायला साताऱ्याहून निघाले. मसूर स्टेशनवर जात कळली आणि दुप्पट भाडे देऊनही कोणी गाडीवान नेईना. शेवटी एक जण कबूल झाला, पण गाडी मुलांनीच हाकायची या अटीवर. रात्री जकात नाक्यापाशी मुक्काम पडला. डबा भरलेला होता, पण पाणी कोणी दिले नाही. मुले उपाशीच झोपली. पुढे 1917 साली परदेशात शिकून आलेले हेच बाबासाहेब बडोद्याला नोकरीवर रुजू झाले, तेव्हा पारशी सराईत त्यांना नाव लपवून राहावे लागले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेल्या लोकांनी त्यांना बाहेर काढले. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. त्या लेखनाचे नावच 'वेटिंग फॉर अ व्हिसा'.

मुलगी म्हणाली, "म्हणजे आजीचा प्रश्न बरोबरच होता." मग आम्ही यादी करायला बसलो.

पहिला प्रश्न हंगामाचा. मे महिन्याच्या उत्तरार्धात कोलंबोच्या बाजूला पाऊस धरतो. वैशाख पौर्णिमेला तिथे मोठा उत्सव असतो. ज्येष्ठ पौर्णिमेला महेंद्र थेर लंकेत आले म्हणून अनुराधपूर आणि मिहिंतले माणसांनी भरून जातात. तेव्हा खोली मिळणे अवघड आणि भाडेही चढे. एप्रिलच्या मध्यावर, आपल्या जयंतीच्याच दिवसांत, त्यांचे नववर्ष येते आणि दुकाने बंद असतात. म्हणून जयंती आणि मुलांच्या परीक्षा उरकून एप्रिलअखेर जायचे ठरले.

दुसरा प्रश्न गावाचा. पहिले तीन दिवस अनुराधपूर, कारण आईला संघमित्रेने नेलेल्या बोधिवृक्षाच्या फांदीचा वृक्ष पाहायचा होता. मग कॅंडी. शेवटची रात्र निगोंबोला. विमानतळ जवळ आणि मुलांना समुद्रही मिळतो. पोहण्याचा तलाव मात्र यादीतून गेला.

तिसरा प्रश्न खोलीचा. अनुराधपूरला यात्रेकरूंसाठी विश्रामशाळा आहेत. विहारातून मोठा जथा निघाला तर त्या स्वस्त पडतात. पण आईचे गुडघे दुखतात, तिला खोलीला लागूनच संडास हवा. म्हणून एका कुटुंबाने चालवलेले साधे गेस्ट हाऊस पाहिले. जाहिरातीत खोलीचा दर दोन माणसांचा असतो, हे ध्यानात ठेवा. आम्ही लिहून विचारले: पाच जणांना एक मोठी खोली आहे का? जादा गादीचे किती? खोली तळमजल्यावर आहे का? मच्छरदाणी आहे का? पंख्याच्या खोलीचा दर वेगळा आहे का? सेवा आकार धरून एकूण किती? बेत बदलला तर पैसे परत मिळतील का? आणि आमच्या पिठाच्या भाकरी करायला चूल मिळेल का? उत्तरे लेखी घेतली. कॅंडीत तर रस्ता किती चढाचा आहे हेही विचारले, कारण तिथली बरीच घरे टेकडीवर आहेत.

मुंबईहून कोलंबोला विमानाने सुमारे अडीच तास लागतात. घड्याळही बदलावे लागत नाही. तिथून गाडीने अनुराधपूरला पोचायला दुपार टळली. उन्हाने आई थकली होती. घरमालकीणबाईंनी पासपोर्ट पाहिले, नावे वहीत उतरवली आणि मोडक्या इंग्रजीत एवढेच विचारले, की आजींना जिना चढवतो का? मग थंड पाण्याचा तांब्या आणि पाच पेले आणून ठेवले. आई कितीतरी वेळ पेला हातात धरून बसली होती.

संध्याकाळी तिसावेवच्या बांधावर गेलो. तो तलाव दोन हजार वर्षांहून जुना आहे. आईने 1972 च्या दुष्काळात रोजगार हमीच्या खडीवर हात फोडून घेतले होते. भरलेले पाणी पाहून ती म्हणाली, "ह्यातलं थोडं आपल्या माणात आसतं तर!" दुसऱ्या दिवशी पांढरे लुगडे नेसून ती बोधिवृक्षाकडे निघाली, तर तिथल्या बायकाही पांढऱ्याच वस्त्रांत. गर्दीत आमची आई वेगळी ओळखूच येईना.

तिथे सगळेच गोड आहे असे समजू नका. तिथल्या समाजातही जाती आहेत, आणि सियाम निकायात एकाच जातीला प्रव्रज्या देण्याची रीत आहे. ते वाचून मुले चक्रावली. बुद्धाचा देश म्हणून डोळे मिटून जाऊ नये. पण आम्ही उतरलो तिथे आमचे आडनाव फक्त वहीत लिहिण्यापुरते विचारले गेले.

घरी आल्यावर शेजारणी आईला विचारत होत्या, समुद्र कसा होता, हॉटेल कसे होते. आई सांगत होती, "म्हाताऱ्या माणसाला आधी पाणी इचारलं बघा."

बंधू-भगिनींनो, आपल्यातल्या कितीतरी घरांत आता थोडा पैसा शिल्लक पडू लागला आहे. सहलीला जरूर जा. जागा निवडताना फोटोंवर जाऊ नका, घरातल्या सर्वांत थकलेल्या माणसाला विचारून निवडा. आणि त्याने विचारलेल्या प्रश्नाला हसू नका. त्या प्रश्नामागे आपला इतिहास उभा असतो.

जय भीम.