स्वारी बैठकीला बसत नाही

चित्रकारांना भेटलेल्या मॉडेल्समध्ये सगळ्यांत मानी कोण, असं कुणी विचारलं तर मी बेलाशक हिवाळ्यातल्या चांदण्याचं नाव घेईन. उत्तर युरोपात बर्फ पडून गेल्यावर, आभाळ निवळलेल्या रात्री उतरतं ते चांदणं. आपल्या कोजागिरीच्या चांदण्याचं हे सख्खं भावंड, पण स्वभावानं अगदी उलट. कोजागिरीचं चांदणं माणसांत रमतं, गच्चीवर दुधाच्या पातेल्याभोवती घोळका जमवतं. हे एकलकोंडं. याला ओसाड रस्ता लागतो, पानं झडलेली झाडं लागतात, आणि समोरच्यानं तोंड मिटून उभं राहावं अशी अपेक्षा असते.

रुबाब मोठा, पण सगळा उसना. सूर्याकडून आलेल्या उजेडातला जेमतेम आठवा हिस्सा चंद्र परत टाकतो. त्याची जमीन जुन्या डांबरी रस्त्याइतकी काळपट आहे. पौर्णिमेचा उजेड म्हणजे उन्हाचा सुमारे चार लाखावा भाग. एवढ्याशा भांडवलावर स्वारी अख्खं रान उजळते, ती बर्फाच्या जिवावर. ताजा बर्फ त्याच्यावर पडलेल्या उजेडातला ऐंशी-नव्वद टक्के भाग परत उडवतो, म्हणून हिवाळा आला की हिला चेव येतो. शिवाय थंडीत सूर्य खाली उतरतो तसा पौर्णिमेचा चंद्र वर चढतो. ऑस्लोत जूनमधली पौर्णिमा क्षितिजालगत सरपटत निघून जाते. डिसेंबरमधली निम्म्याहून जास्त आभाळ चढून वर बसते.

हजेरीच्या बाबतीत स्वारी फार कडक. अर्धा चंद्र म्हणजे अर्धा उजेड, असा हिशेब कराल तर फसाल. अष्टमीच्या चंद्राचा उजेड पौर्णिमेच्या उजेडाचा साधारण दहावा भाग भरतो. तेव्हा भेट हवी असेल तर पौर्णिमेच्या मागच्या-पुढच्या दोन-चार रात्री, त्याही ढग नसतील तर. एरवी दार बंद.

आणि भेट दिली तरी बैठक देईल असं नाही. आपल्याकडचे चित्रकार 'ऑन द स्पॉट' लँडस्केप करायला जातात तसं इथे ईझल मांडून बसून बघा. पॅलेटवरचा लाल काळा दिसतो, निळा आणि पांढरा ओळखता येत नाहीत. रंग दिसावेत म्हणून कंदील लावला की समोरचं चांदणं रुसून नाहीसं होतं. कंदील विझवला तरी लगेच परतत नाही. डोळ्यांना अंधाराची पुरती सवय व्हायला अर्धा तास जातो. रोखून पाहणंही याला खपत नाही. डोळ्यांच्या ऐन मध्यभागी मंद उजेड टिपणाऱ्या पेशीच नसतात, त्यामुळे झुडपावर नजर रोखली की झुडूप विरघळतं, जरा बाजूला बघितलं की पुन्हा उभं राहतं.

रंगाच्या बाबतीत तर हे चांदणं पक्कं बहुरूपी. सगळं जग त्याला निळं म्हणतं. प्रत्यक्षात तो उजेड उन्हापेक्षा किंचित पिवळसरच असतो. निळेपणा येतो आपल्या डोळ्यांतून. अंधारात डोळा लाल आधी सोडून देतो आणि निळ्याला धरून ठेवतो. पुर्किन्ये या चेक शरीरशास्त्रज्ञानं 1825 साली छापलेल्या पुस्तकात हे नोंदवलं. कॅमेऱ्यानं चांदण्यातला फोटो बराच वेळ शटर उघडं ठेवून काढला तर तो दिवसासारखा दिसतो, तो यामुळेच. म्हणजे चांदण्याचं चित्र काढणारा समोरच्या देखाव्याइतकंच माणसाच्या डोळ्याचंही चित्र काढत असतो. अमेरिकेचा फ्रेडरिक रेमिंग्टन तर याच्या नादी लागून निळ्यावरून हिरव्यावर गेला. 1909 मध्ये, त्याच्या शेवटच्या वर्षात, त्यानं बर्फातून रिकाम्या हातानं परतणारा एक शिकारी रंगवला. घोंगडीत गुरफटलेला स्वार आणि मान टाकलेलं घोडं, सगळ्यावर ती हिरवट रात्र. पाहताना अंगावर काटा येतो.

आपल्या भक्तांना पोसण्याची सवय मात्र स्वारीला नाही. सतराव्या शतकात ॲमस्टरडॅमच्या आर्ट व्हान डर नेरनं आयुष्यभर मुख्यतः दोन विषय धरले, चांदण्या रात्री आणि गोठलेले कालवे. पोट भरेना म्हणून त्यानं खाणावळवजा दारूचं दुकान काढलं. 1662 मध्ये तेही दिवाळ्यात गेलं. 1677 साली तो गरिबीतच वारला. आज त्याची चित्रं युरोपातल्या मोठमोठ्या संग्रहालयांत आहेत. लीड्सच्या जॉन ॲटकिन्सन ग्रिमशॉवर मेहेरनजर जास्त झाली. रेल्वेतली कारकुनी 1861 मध्ये सोडून तो चित्रकलेकडे वळला आणि ओला रस्ता, उंच भिंत, निष्पर्ण फांद्यांची जाळी, एकटी चालणारी बाई यांवर त्यानं घर चालवलं. त्यानं तोच तो रस्ता फार वेळा रंगवला हे खरं. पण फांद्यांमागचं आभाळ जिथे पिवळ्यातून हिरवट करड्यात उतरतं, तिथे तो कधी हयगय करत नाही.

चित्रकार व्हिसलरनं या मॉडेलची खोड बरोबर ओळखली होती. लंडनमध्ये ग्रीव्हज नावाचे दोन नावाडी भाऊ रात्री त्याला थेम्सवर वल्हवत नेत. त्याच्याजवळ तपकिरी कागद आणि खडू, बस. तो देखावा एकटक पाहायचा, मग त्याच्याकडे पाठ फिरवायचा आणि जे पाहिलं ते सोबतच्या माणसाला तोंडपाठ म्हणून दाखवायचा. आभाळ असं, पाणी असं, दिवा इथे. चुकलं तर पुन्हा वळून पाहायचं, पुन्हा पाठ. रंगकाम दुसऱ्या दिवशी स्टुडिओत. मला ही त्या काळातली सगळ्यांत शहाणी शिकवण वाटते. चांदण्याला समोर बसवून रंगवता येत नाही, ते पाठ करून घरी न्यावं लागतं.

घरी नेलं तरी त्याचा हट्ट संपत नाही. रंगातला सगळ्यात पांढरा पांढरासुद्धा खऱ्या चंद्रापुढे फिकाच. म्हणून नवशिका बर्फ पांढराशुभ्र करतो आणि फसतो. रात्र होतच नाही, ढगाळ दुपार होते. जाणता चित्रकार बर्फ काळवंडवतो. प्रशियन ब्लू, थोडा मातकट तपकिरी, नावाला पांढरा. सबंध बर्फ मधल्या छटेवर आणून ठेवला, की चंद्रासाठी किंवा खिडकीतल्या एका दिव्यासाठी उजेड शिल्लक राहतो. काळा रंग नळीतून थेट घेतला तर सावलीत भोकं पडल्यासारखं दिसतं. सावलीतही थोडी निळाई जागी ठेवावी लागते.

या सगळ्या अटी कुणी पुऱ्या केल्या असतील तर नॉर्वेच्या हाराल्ड सोलबर्गनं. 1899 च्या ईस्टरला स्कीवरून जाताना त्याला रोंडानेचे डोंगर रात्री दिसले आणि तो अडकला. पुन्हा तिथे जाऊन राहिला, रेखाटनं केली, जलरंगात करून पाहिलं, लहान कॅनव्हास केले. मोठं चित्र पुरं झालं 1914 मध्ये. पंधरा वर्षं! सुमारे 160 बाय 180 सेंटिमीटरच्या त्या कॅनव्हासवर चंद्र कुठेच नाही. समोर काळ्या, वेड्यावाकड्या झाडांची दोन्ही बाजूंनी चौकट, मधे निळं बर्फाळ पठार, मागे गोल खांद्यांचे डोंगर, आणि त्यांच्यामधल्या खिंडीवर एकच तारा. पातळ, पारदर्शक थरांवर थर चढवून आणलेला तो निळा छपाईत कधीच उतरत नाही. 1995 मध्ये नॉर्वेच्या रेडिओश्रोत्यांनी हे आपलं राष्ट्रीय चित्र म्हणून निवडलं. लोकांनी इतकी चांगली निवड केलेली पाहून बरं वाटतं.

सूड घ्यायलाही स्वारी मागेपुढे पाहत नाही. 1880 मध्ये सेंट पीटर्सबर्गला अर्खिप कुइंजीनं नीपर नदीवरच्या चांदण्या रात्रीचं एकच चित्र घेऊन प्रदर्शन भरवलं. खिडक्यांना पडदे, चित्रावर विजेचा दिवा. बाहेर रांगा लागल्या आणि आत गेलेले लोक मागे दिवा लपवलाय का म्हणून कॅनव्हासच्या पाठीमागे डोकावू लागले. पुढे चित्र विकत घेणाऱ्या राजपुत्रानं ते समुद्रप्रवासात बरोबर नेलं. लेखक तुर्गेनेव्हनं नको म्हणून सांगितलं होतं. चित्राचे रंग काळवंडत गेले. त्या प्रदर्शनानंतर दोन वर्षांनी कुइंजीनं चित्रं मांडणंच बंद केलं. पण चांदण्याशी बोलणं सोडलं नाही. जवळपास वीस वर्षांच्या त्या अज्ञातवासातच त्यानं थंडीतल्या जंगलात बर्फावर पडलेले चंद्रप्रकाशाचे कवडसे रंगवायला घेतले. नीपरची रात्र कितीही गाजो, मला हे चित्र जास्त जवळचं वाटतं, कारण ते कुणाला चकित करायला काढलेलं नाही.

तुम्हाला भेटायचंच असेल तर नॉर्वेला जायला हवं असं नाही. मार्गशीर्ष-पौषातली पौर्णिमा आपल्याकडे मध्यरात्री जवळजवळ डोक्यावर येते. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी कडाक्याच्या थंडीत गवतावरचं दव गोठतं. बर्फाची हौस तेवढ्यावर भागते. ते नाही जमलं तर कोकणातली पांढरी पुळण चालेल. मोबाइल खिशात ठेवा, अर्धा तास काही न करता उभे राहा, झाडाकडे बघायचं तर त्याच्या शेजारी बघा. मग पाठ फिरवा आणि सोबत असेल त्याला सगळं सांगा: सावली कुठे पडली होती, कोणती कड सर्वांत उजळ, आभाळ गडद की जमीन. जिथे अडखळाल तिथे वळून पुन्हा पाहा. रंगपेटी दुसऱ्या दिवशी सकाळी उघडा.