यंत्राचा घसा आणि विजेचा दाब

घरांतील एखादें बोलकें यंत्र घरघरूं लागलें, कीं घरांतील माणसें त्याच्या घशास दोष देतात. लाउडस्पीकर फाटला, टेपचें डोकें झिजलें, कॅसेट जुनी झाली, असें ज्यास जें सुचेल तें निदान होतें. आणि अखेर “आतां नवें आणा” यावर सर्वांचें एकमत होतें. यंत्राच्या पोटांत काय जात आहे, हें मात्र कोणी विचारीत नाहीं. भिंतींतून २३० व्होल्ट दाबाची, सेकंदास ५० आवर्तनें करणारी वीज येते खरी; परंतु आंतील नाजूक भागांस ती जशीच्या तशी चालत नाहीं. ट्रान्सफॉर्मर तिचा दाब उतरवितो, रेक्टिफायर तिला एकाच दिशेनें वाहावयास लावतो, मोठा कंडेन्सर तिचे हेलकावे सपाट करतो आणि रेग्युलेटर तिला ठराविक दाबावर धरून ठेवतो. या चौघांपैकीं एकानें अंग काढून घेतलें, तरी ओरड उठते ती लाउडस्पीकरांतून, आणि बदनामीही त्याचीच होते.

आमच्या घरीं १९८६ सालीं घेतलेला एक कॅसेट-डेक अद्याप आहे. फिलिप्स कंपनीनें ही लहान कॅसेट १९६३ सालीं बर्लिनच्या रेडिओ-प्रदर्शनांत प्रथम मांडली. तिची फीत सेकंदास ४.७६ सेंटिमीटर या वेगानें सरकावी, हा संकेत पुढें जगभर पाळला गेला. आमच्या तीर्थरूप तात्यांनीं १९८७ च्या चातुर्मासांत या डेकवर संपूर्ण पूर्वमेघ म्हणून ठेवला आहे. मेघदूत वाटेल त्या पुस्तकांत मिळेल. परंतु तात्यांना त्यांच्या गुरुजींकडून मिळालेली ती मंदाक्रान्तेची चाल या फितीखेरीज आतां कोठेंही नाहीं. यंदा आमच्या नातवानें, फीत जीर्ण होण्यापूर्वीं तिची संगणकांत प्रत करून ठेवावी, असें मनावर घेतलें. त्यास सवड सायंकाळीं. म्हणून बेत सायंकाळचा ठरला.

पहिल्याच संध्याकाळीं फितीमागें एक अखंड घुमारा येऊं लागला, आणि दोनचार श्लोक होतात न होतात तोंच वहिनी स्वयंपाकघरांतून बाहेर आल्या. “भावोजी, हा मामंजींचा आवाज नव्हे. इतकें जड ते कधींच म्हणत नसत.” वहिनींनीं तात्यांचें पठण अठरा वर्षें रोज पहांटे ऐकलेलें, त्यांचा शब्द आम्हीं प्रमाण मानला. मंदाक्रान्ता खरोखरीच नांवापेक्षां अधिक मंद झाली होती. दुकानीं नेऊन दाखविलें, तर तेथील गृहस्थांनीं झांकण न उघडतांच “मोटर झिजली, आतां भाग मिळत नाहींत,” असा निकाल दिला. नातू म्हणाला, “आजोबा, प्रत तर करून घेऊं, वेग मग संगणकावर वाढवितां येईल.” आम्हांस तें पटलें नाहीं. वेग सर्वत्र सारखाच कमी असेल तर एका गुणकानें तो सुधारतां येईल. परंतु तो घटकेघटकेस बदलत असेल, तर कोणत्या श्लोकास कोणता गुणक लावणार? पोथीची नक्कल करणाऱ्यानें एकदां अशुद्ध पाठ उतरला, कीं पुढच्या साऱ्या पोथ्या त्याच अशुद्धाची वंशावळ चालवितात, हें ज्यांनीं जुनीं बाडें हाताळलीं आहेत त्यांस सांगावयास नको.

सुदैवानें मूळ स्वर पडताळण्यास एक साक्षीदार घरांतच होता. फितीवर एके ठिकाणीं माजघरांतील भिंतीवरचें घड्याळ सातचे ठोके देतें, आणि तेंच घड्याळ आजही तेथेंच टांगलेलें आहे. सायंकाळीं फितींतला ठोका खऱ्या ठोक्याहून सुमारें अर्धा स्वर खालीं लागे. म्हणजे वेग शेंकडा सहाच्या आसपास कमी. सकाळीं तोच ठोका बरोबर जुळे, आणि घुमाराही अगदीं अंधुक असे. येथें आम्हांस नैयायिकांचा अन्वय-व्यतिरेक आठवला. मोटर झिजली असती, तर ती सकाळींही झिजलेलीच राहिली असती. यंत्र तापून बिघडतें म्हणावें, तर एके रात्रीं तें चार तास चालूं ठेवून बारा वाजतां ऐकलें, तेव्हां ठोका पुन्हां जुळला. संध्याकाळीं आळींत असें काय असतें, कीं जें सकाळीं व मध्यरात्रीं नसतें? घरोघरच्या दिव्यांचा, पंपांचा आणि शेगड्यांचा भार.

घुमाराही बोलका होता. रेक्टिफायर आवर्तनाचे दोन्ही अर्ध वापरतो, म्हणून न निवळलेल्या विजेचा घुमारा सेकंदास १०० आंदोलनांचा असतो. तुटक्या तारेंतून शिरणारा घुमारा बहुधा ५० चा, म्हणजे एक सप्तक खालचा. नातवानें पेटीच्या खर्जाशीं स्वर लावून पाहिला. घुमारा १०० चा ठरला.

मग मीटर आणला. दाब मोजावयाचा तो यंत्र चालूं असतांना, भार अंगावर असतांना. रिकाम्या यंत्राचा दाब पाहणें म्हणजे झोपलेल्या हमालाच्या शक्तीचा अंदाज घेणें होय. सकाळीं भिंतींत २३२ व्होल्ट, ट्रान्सफॉर्मरच्या उतरत्या बाजूस १५.१, सायंकाळीं २०० आणि १३. प्रमाण तेंच राहिलें, म्हणून ट्रान्सफॉर्मर निर्दोष. आतां १३ ची १.४१४ पट करून रेक्टिफायरचे सुमारें १.४ वजा केले, तर कंडेन्सरवर १७ पर्यंत दाब चढावयास हवा. भारामुळें थोडा कमी धरला तरी १५ च्या खालीं येऊं नये. मीटरनें दाखविले १२.७. सकाळींही २० च्या जागीं १५ च. रेग्युलेटर १२ व्होल्टांचा. त्यास नीट काम करण्यास पुढ्यांत निदान दोन-अडीच व्होल्ट अधिक लागतात. सकाळीं तो कसाबसा ११.७ देई, सायंकाळीं १० देखील कष्टानें. मोटरचा वेग राखणारा तिचा नियामक तेवढ्या दाबांत हात टेकीत होता. दोष ट्रान्सफॉर्मरच्या पुढें व रेग्युलेटरच्या मागें, असा कोंडींत सांपडला. आणि त्या कोंडींत रेक्टिफायर व कंडेन्सर दोघेच होते. रेक्टिफायरचा एक पाय गेला असता तर घुमारा ५० चा झाला असता. उरला कंडेन्सर. २२०० मायक्रोफॅराडचा तो नळकांडा जवळजवळ चाळीस वर्षांत आंतून सुकला होता. दोन लाटांमधल्या दरींत साठा पुरवावयाचा, तो त्याच्या जवळ राहिलाच नव्हता.

ज्यांस हें घरीं करावेंसें वाटेल त्यांना आमचा आग्रहाचा इशारा: प्लग काढल्यावरही कंडेन्सर भरलेलाच असूं शकतो. तो रेझिस्टरमधून रिकामा करावा, पेंचकसानें ठिणगी पाडून नव्हे. जुन्या व्हाल्वच्या रेडिओंत हा दाब अडीचशें-तीनशें व्होल्ट असतो. तेथें अननुभवी माणसानें हात घालूंच नये. दुरुस्तीनंतर प्रथम यंत्र एकसरींत जोडलेल्या साठ व्हॅटच्या साध्या दिव्यामधून चालवावें. दिवा लख्ख पेटून तसाच राहिला, तर आंत कोठें तरी तारा भिडल्या आहेत असें समजावें.

नव्या कंडेन्सरची क्षमता तितकीच घेतली, दाबाची मर्यादा मात्र २५ ऐवजीं ३५ व्होल्टांची. कारण कधीं भिंतींत २५० आले, तर निर्भार स्थितींत जुन्या मर्यादेशीं फारसें अंतर उरत नाहीं. धन-ऋण बाजू नातवानें दोनदां पाहून डाग दिला, आम्हीं दिवा धरला. खर्च शंभर रुपयांच्या आंत. त्या सायंकाळीं भिंतींत २०१ व्होल्ट असतां कंडेन्सरवर १५.७ व रेग्युलेटरपुढें १२ भरले, घुमारा गेला, आणि फितींतील सातचे ठोके माजघरांतल्या ठोक्यांशीं जुळले. वहिनी दाराशींच उभ्या राहून सहा श्लोक ऐकत होत्या. कांहीं बोलल्या नाहींत.

आमच्या परिचयांतील एका गृहस्थांच्या मुलानें अमेरिकेहून आणलेला तबकडीचा बाजा मात्र असा सुधारणार नाहीं. त्याचें १२० व्होल्टांचें मागणें वेगळा ट्रान्सफॉर्मर भागवितो. पण त्याची मोटर विजेच्या ६० आवर्तनांवर पावलें मोजणारी आहे, आणि आवर्तनें ट्रान्सफॉर्मरला बदलतां येत नाहींत. आपल्या ५० वर तो सकाळ-संध्याकाळ सारखाच, पांच-षष्ठांश वेगानें, गातो.

पूर्वमेघाची प्रत चार दिवसांत पुरी झाली. त्याच पाटावर त्याच सालचे दुसरे दोन कंडेन्सर आहेत; ते अजून चालत आहेत, तरी नातवानें त्यांच्या जागीं घालावयाचे नवे आणून ठेवले आहेत.