जुन्नरची लेणी आणि ती वाचणारी माणसे

वर्षावास संपला की दरवर्षी आमच्या देहूरोडच्या वस्तीतून लेण्यांची सहल निघते. ज्या देहूरोडला २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी आपल्या हाताने बुद्धमूर्तीची स्थापना केली, तिथली आम्ही माणसे. कार्ला, भाजे, बेडसे ही लेणी आम्हाला घरच्या अंगणासारखी. पण महिला मंडळाने या वेळी हट्ट धरला, “दरवर्षी तेच ते नको, जुन्नरला चला.” जुन्नर गावाच्या चहूबाजूंच्या डोंगरांत मिळून दोनशेहून अधिक कोरीव लेणी आहेत. एका गावाभोवती एवढी लेणी भारतात क्वचितच असतील. आणि आपल्यापैकी कितीजणांनी ती पाहिली आहेत?

रविवारी पहाटे पाच वाजता मिनीबस निघाली. लहानमोठी मिळून बावीस माणसे, डब्यांत पिठलं-भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. चाकण, राजगुरुनगर मागे टाकून आंबेगाव तालुक्यात मंचरला चहा घेतला आणि नारायणगावावरून जुन्नर गाठले. शिवनेरी दिसताच मुलांनी गलका केला. तो किल्ला आम्ही पुढच्या फेरीसाठी राखून ठेवला आणि आधी लेण्याद्रीचा रस्ता धरला.

लेण्याद्री म्हणजे अष्टविनायकांपैकी एक, एवढेच बहुतेकांना ठाऊक. तीनशेच्या आसपास पायऱ्या चढून लोक गिरिजात्मजाच्या दर्शनाला जातात. ज्या मोठ्या दालनात हा गणपती आहे ते सातव्या क्रमांकाचे लेणे. मधे एकही खांब नसलेला प्रशस्त मंडप आणि त्याच्या कडेने भिक्खूंच्या राहण्याच्या खोल्या. हा मूळचा विहार. त्याला लागूनच सहाव्या क्रमांकाचा चैत्य आहे. दोन्ही बाजूंना खांबांच्या रांगा, त्यांच्या माथ्यावर प्राण्यांची शिल्पे आणि समोर स्तूप. बुद्धमूर्ती नाही, कारण हा काळ स्तूपालाच वंदन करण्याचा होता. आम्ही सर्वांनी तेथे त्रिशरण-पंचशील घेतले. आवाज दगडातून घुमून परत आला तेव्हा आजीबाईंच्या डोळ्यांत पाणी उभे राहिले.

बाहेर ओसरीत एक ताई तिपाईवर यंत्र लावून मोजणी करत होत्या आणि एक तरुण फळीवर कागद लावून रेखाटन करत होता. आम्हाला वाटले, जमीनमोजणीवाले असतील. तेवढ्यात आमच्यातल्या एका मुलाला भिंतीवर अक्षरे दिसली. ती नीट दिसावीत म्हणून त्याने खिशातून खडू काढला. ताई जवळजवळ धावतच आल्या.

“दादा, खडू नका लावू!”

मुलगा वरमला. आम्हालाही जरा राग आला. आपल्याच लेण्यात आपल्यालाच कोण हटकणार? पण ताईंनी शांतपणे समजावले. “तुम्ही खडूने अक्षर भराल ते तुम्हाला वाटतं तसं भराल. एखादी रेघ दगडाची फट असेल, ती काना होऊन बसेल. मग पुढचा माणूस दगड वाचणार नाही, तुमचा खडू वाचेल.”

मग त्यांनी भिंतीला हात न लावता, हवेत बोट फिरवत ती ओळ वाचून दाखवली. लिपी ब्राह्मी, भाषा प्राकृत. कल्याणच्या हेरणिकाचा मुलगा सुलसदत्त याने हे चैत्यगृह दान दिले, असा त्याचा अर्थ. शेवटी ‘देयधम’ हा शब्द, म्हणजे धम्मदान. आमच्या महिला मंडळाच्या सेक्रेटरी म्हणाल्या, “म्हणजे आपण विहाराच्या फरशीसाठी वर्गणी देतो आणि पाटीवर नाव लिहितो, तसंच की हो!” ताई हसून म्हणाल्या, “अगदी तसंच.”

डबे उघडले तेव्हा आम्ही ताईंना आणि त्या तरुणाला आग्रहाने बसवून घेतले. ही माणसे नेमके काय करतात, हे सर्वांनाच विचारायचे होते.

पुरातत्त्वाचे काम करणारे तीन प्रकारचे असतात, असे त्यांनी सांगितले. एक सरकारी खात्यातले. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण हे केंद्राचे खाते १८६१ साली सुरू झाले. जुन्नरची संरक्षित लेणी त्याच्याकडे आहेत. राज्याचे पुरातत्त्व संचालनालय वेगळे. दुसरे विद्यापीठातले, जे संशोधन करतात आणि शिकवतात. आणि तिसरे त्यांच्यासारखे सल्लागार. कोणाला लेण्याचे नकाशे हवे असतात, कोणाला पडझडीचा अहवाल, कोणाला रस्ता किंवा इमारत बांधण्याआधीची पाहणी. काम मिळेल तसे करायचे.

“म्हणजे तुम्हीपण कंत्राटीच!” आमच्यातले एक बाबा म्हणाले. ते स्वतः वीस वर्षे कंत्राटी कामगार आहेत.

“कंत्राटीच, बाबा. बिलही सहा-सहा महिने अडकतं,” ताई म्हणाल्या, आणि एकदम सगळे मोकळे झाले.

काम कसे चालते ते त्यांनी दाखवले. लेण्याचा प्रत्येक खांब, प्रत्येक खोली मोजून कागदावर उतरवायची. कुठे पाणी झिरपते, कुठे तडा गेला आहे, कुठे जुन्या दुरुस्तीचे सिमेंट सुटले आहे, ते वेगवेगळ्या रंगांनी दाखवायचे. सह्याद्रीचा दगड काळा कठीण दिसतो, पण त्यात सांधे असतात आणि पावसाचे पाणी तिथूनच आत येते. जुन्या कारागिरांना हे माहीत होते. बऱ्याच लेण्यांच्या माथ्यावर त्यांनी पाणी बाजूला काढणारे चर कोरले आहेत. ते मातीने बुजले की लेणे गळू लागते. “अशा ठिकाणी आधी सिमेंट नाही, आधी चर साफ करायचा. त्यांचं शहाणपण समजून घेतलं की निम्मं काम होतं,” असे त्या म्हणाल्या.

शिलालेखाचा ठसा घ्यायची जुनी पद्धतही ऐकण्यासारखी आहे. ओला कागद अक्षरांवर चिकटवून ब्रशने हळूहळू ठोकायचा म्हणजे तो कोरलेल्या खाचेत बसतो. मग वरून शाईची पुरचुंडी टिपायची. कागद काळा होतो आणि अक्षरे पांढरी उमटतात. आता तिरप्या उजेडात फोटो घेतात, यंत्राने भिंत तपासतात. पण वाचणारा माणूस लागतोच.

जुन्नरचे हे लेख वाचले कोणी? ब्राह्मी लिपी विसरली गेली होती. १८३७ साली जेम्स प्रिन्सेपने ती उलगडली. पुढे जुनागढचे भगवानलाल इंद्रजी यांनी पश्चिम भारतातले लेख वाचून काढले. गिरनारच्या पायथ्याशी असलेला अशोकाचा शिलालेख पाहत मोठे झालेले हे गृहस्थ, मोठी इंग्रजी पदवी जवळ नव्हती. बर्जेस साहेबांबरोबर त्यांनी तयार केलेले लेण्यांच्या शिलालेखांचे पुस्तक १८८१ साली निघाले. हॉलंडच्या लायडन विद्यापीठाने त्यांना सन्मानाची डॉक्टरेट दिली. नंतरच्या काळात सुरेश वसंत जाधव यांनी १९८० साली जुन्नरच्या लेण्यांवर पुणे विद्यापीठाची पीएच.डी. केली, तर डेक्कन कॉलेजच्या शोभना गोखले यांनी कान्हेरीच्या शिलालेखांवर ग्रंथ लिहिला. ही नावे आपल्या मुलांना पाठ असायला हवीत.

एवढे ऐकल्यावर आमच्यातल्या एका कार्यकर्त्याने मुद्द्यालाच हात घातला. “ताई, मग ही सगळी लेणी आपली, असं सरळ लिहून का देत नाही?”

ताई थोड्या थांबल्या. म्हणाल्या, “इथे चैत्य आहे, स्तूप आहे, संघाला दिलेलं दान आहे. हे मी लिहितेच, कारण दगडच तसं सांगतो. नंतर कोणत्या लेण्यात कोणता देव आला, तेही लिहिते. पण इथून जवळच नाणेघाटात सातवाहनांच्या राणीचा लेख आहे, त्यात यज्ञांची आणि दक्षिणेची यादी आहे. तेही तसंच सांगावं लागतं. मी एका बाजूनं खोटं बोलले, तर उद्या दुसऱ्या बाजूचं खोटं कुठल्या तोंडानं खोडू?”

कोणी काही बोलले नाही. पण बुद्धांनीही ऐकीव गोष्टीवर विसंबू नका, स्वतः तपासा, हेच सांगितले आहे. मग या बाईंचे काय चुकले?

दुपारी त्या आमच्याच गाडीतून मानमोडीला आल्या. जुन्नरच्या दक्षिणेकडचा हा डोंगर. इथे पायऱ्यांची सोय नाही आणि दर्शनाची गर्दीही नाही. मधमाश्यांची पोळी असल्याने घोषणा देऊ नका, असे ताईंनी आधीच बजावले. इथल्या एका लेखात महाक्षत्रप नहपानाचा अमात्य अयम याने वर्ष ४६ मध्ये मंडप आणि पाण्याची पोढी करून दिल्याचे लिहिले आहे. चंद नावाच्या यवनाचे म्हणजे ग्रीकाचे दान इथे आहे. तिकडे शिवनेरीच्या लेण्यांत चिट नावाच्या यवनाने संघाला भोजनमंडप दिला आणि इरिल नावाच्या यवनाने दोन पोढ्या. कुठला ग्रीस आणि कुठले जुन्नर! नाणेघाटातून व्यापार चालायचा, त्या वाटेने आलेली माणसे संघापुढे नम्र झाली.

पण आम्हाला सर्वांत जवळचे वाटले ते कष्टकऱ्यांचे लेख. जुन्नरच्या एका लेखात धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पोढी दिली आहे. दुसऱ्या एका लेखात शेतीच्या दानाचा हिशेब आहे : वडालिका गावी करंजाच्या झाडाजवळची वीस निवर्तने आणि कटपुटक गावी वडाजवळची नऊ निवर्तने. हा तर दोन हजार वर्षांपूर्वीचा सातबाराच! आणि आणखी एका लेखात संघासाठी ठेवलेली ठेव बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणीकडे आहे. तिचे व्याज दरमहा द्यायचे.

आमच्यातल्या एक मावशी टोपल्या विणतात. त्यांनी दोनदा विचारले, “टोपल्या विणणाऱ्यांकडं पैसा विश्वासानं ठेवायचे?”

“हो मावशी. तीच त्यांची बँक होती.”

मावशी बराच वेळ त्या भिंतीकडे पाहत बसल्या.

परतताना घोडेगावमार्गे डिंभ्याला उतरलो. घोड नदीवरचे हे धरण तुडुंब भरले होते. जलाशयाला हुतात्मा बाबू गेनूंचे नाव आहे. ते याच तालुक्यातल्या म्हाळुंगे पडवळचे. ज्या गावावरून तालुक्याला आंबेगाव नाव पडले, ते गाव या पाण्याखाली आहे. उन्हाळ्यात पाणी ओसरले की जुन्या खुणा वर येतात, असे काठावरच्या एका दादांनी सांगितले. शेतकऱ्याला पाणी हवेच. पण बुडण्याआधी गावाचे काय काय लिहून ठेवायचे, हे कोण ठरवते? आंध्रात नागार्जुनकोंड्याला धरण होणार म्हणून १९५४ ते १९६० अशी सहा वर्षे पुरातत्त्वाच्या माणसांनी अख्खे खोरे खणले. तिथले बौद्ध विहार-स्तूप बुडाले, पण त्यांपैकी काही दगड न दगड हलवून टेकडीवर पुन्हा उभे केले. इंग्लंडात तर १९९० पासून बांधकामाआधीच्या अशा पाहणीचा खर्च बांधणाऱ्यानेच सोसायचा, असा रिवाज पडला आहे. आपल्याकडे संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत बांधकामाला मनाई आणि पुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी, असा कायदा २०१० साली झाला. पण ज्याला संरक्षण मिळालेलेच नाही, ते जपायचे तर आधी कोणीतरी तिथे जाऊन पाहिले पाहिजे, मोजले पाहिजे.

बसमध्ये आमच्या त्या कंत्राटी बाबांची मुलगी गप्प होती. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. घरच्यांनी बी.एड. ठरवले आहे. दिवसभर ती ताईंच्या मागे वही घेऊन फिरली होती. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात कोणत्याही शाखेच्या पदवीनंतर पुरातत्त्वाचे एम.ए. करता येते, हे तिने लिहून घेतले होते. आईने ताईंना जाता जाता विचारलेच होते, “त्यात पोट भरतं का?” ताईंनी खोटे सांगितले नाही. सरकारी जागा थोड्या, सुरुवातीची वर्षे कठीण, उन्हात काम. “पण भिंतीवरचं नाव पहिल्यांदा वाचता येतं ना, तो दिवस विसरत नाही,” एवढे मात्र त्या म्हणाल्या.

चाकणच्या ट्रॅफिकमध्ये गाडी अडकली. बाबांनी मुलीची वही मागून घेतली. पानभर ब्राह्मी अक्षरे गिरवलेली होती. त्यांना त्यातले एकही कळले नाही. वही परत देताना ते म्हणाले, “फॉर्म कधी निघतात, ते बघून ये.”

बंधू-भगिनींनो, लेण्यांत जाऊन आपण वंदना घेतो, फोटो काढतो, परत येतो. ते चांगलेच आहे. पण आपल्या मुलांपैकी एखादे तिथे मोजपट्टी आणि वही घेऊन गेले, तर त्या भिंतींवरची माणसे पुन्हा बोलू लागतील. तोपर्यंत एक करा. लेण्यात जाताना खडू घरी ठेवा.