बंदूक की पोरगी?

दोन घड्याळं असलेल्या माणसाला नक्की वेळ कधीच कळत नाही असं म्हणतात. दोन क्रोनोग्राफ असलेल्या माणसाचं याहून वाईट होतं, कारण तिथे प्रश्न सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाचा असतो. यंदाच्या दिवाळीत दारव्ह्याला घरी गेलो तेव्हा याचा पुरता अनुभव आला.

आधी थोडी पार्श्वभूमी. माझी पुतणी दहा मीटर एअर रायफल मारते. ही तीच स्पर्धा, जिच्यात २००८ साली बीजिंगला अभिनव बिंद्राने शेवटच्या छर्र्याला १०.८ मारून सुवर्ण घेतलं. या खेळात 'दहा'चा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो आणि पुढच्या प्रत्येक वर्तुळाची त्रिज्या अडीच मिलिमीटरने मोठी. पुतणी राज्याच्या संघनिवडीत थोडक्यात राहिली. छर्रे वर-खाली जात होते. तिचं म्हणणं, बंदूक जुनी झाली, जोर कमी-जास्त होतो. दादाने मनात हिशेब केलाच होता: यंदाचा कापूस विकून नवी घ्यायची. दोन लाखांच्या पुढे. आमच्याकडे कापसाचे दोन लाख म्हणजे काय, हे यवतमाळच्या माणसाला वेगळं सांगायला नको.

मी म्हटलं, आधी मोजू तर खरं.

क्रोनोग्राफचं काम सोपं आहे. ठरावीक अंतरावर दोन डोळे. छर्रा पहिल्यासमोरून गेला की घड्याळ सुरू, दुसऱ्यासमोरून गेला की बंद. अंतर भागिले वेळ, झाला वेग. (१७४२ साली बेंजामिन रॉबिन्सने टांगलेल्या लाकडी ठोकळ्यात गोळी मारून, ठोकळा किती झुलला यावरून वेग काढायची रीत मांडली होती. बिचाऱ्याकडे मिलिसेकंद मोजणारं घड्याळ नव्हतं!) आमच्याकडे दोन यंत्रं होती. एक पुण्याच्या मित्राकडून आणलेलं उघडं यंत्र, दोन डोळ्यांत तीस सेंटिमीटर अंतर, आणि वरच्या उजेडात छर्र्याची सावली टिपणारं. दुसरं नळीच्या तोंडाला अडकवायचं, लहानसं, स्वतःचे इन्फ्रारेड दिवे असलेलं. त्याचे डोळे जेमतेम पाच सेंटिमीटरवर.

कापसाच्या कोठ्याशेजारच्या लांब खोलीत, भिंतीला जाड फळ्या लावून, ट्यूबलाइटखाली सुरुवात केली. मित्राचं यंत्र सांगे, १६६ ते १७७ मीटर प्रतिसेकंद. म्हणजे अकराचा फरक! नळीवरचं सांगे, १७६ ते १७८. फरक फक्त दोनचा.

आता याचा अर्थ बघा. दहा मीटर जाईपर्यंत छर्रा दोनेक सेंटिमीटर खाली येतो. वेग एक टक्का बदलला की हे पडणं दोन टक्के बदलतं, म्हणजे सुमारे ०.४ मिलिमीटर. पहिलं यंत्र खरं असेल तर बंदूकच जवळजवळ एक अख्खं वर्तुळ खाते आणि कापूस विकलाच पाहिजे. दुसरं खरं असेल तर बंदूक निर्दोष.

दादा म्हणाला, "तू तं इंजिनेर हायेस ना बाप्पा, मंग सांग, यातलं खरं कोण्तं?"

नुसतं दोघांकडे बघून हे सांगता येत नाही. स्वस्त-महाग, लहान-मोठं यावरूनही नाही. पण एक युक्ती आहे: एकच छर्रा दोन्हींतून न्यायचा. बंदुकीचा जोर खरंच बदलत असेल तर दोन्ही आकडे एकदम वर जातील, एकदम खाली येतील. यंत्राचा दोष असेल तर त्याचा आकडा एकटाच भरकटेल. नळीवर एक, त्यापुढे मीटरभरावर दुसरं, असे वीस छर्रे मारले. पुतणीने वहीत दोन रकाने केले. नळीवरचा रकाना शांत, दुसरा आपल्याच तालात नाचत होता.

मग तेच यंत्र सकाळी अंगणात, भिंतीच्या सावलीत, मोकळ्या आभाळाखाली नेलं. नाच थांबला. फरक दोनवर आला आणि दोन्ही रकाने जोडीने चालू लागले. दोष यंत्राचा नव्हता, ट्यूबलाइटचा होता. ती सेकंदाला शंभर वेळा लुकलुकते, आणि छर्रा ते तीस सेंटिमीटर १.७ मिलिसेकंदांत पार करतो. एकाला भरपूर उजेड मिळतो, पुढच्याला अंधूक, आणि सावली कधी लवकर कधी उशिरा टिपली जाते.

तरीही नळीवरचं यंत्र चारेक मीटर जास्तच दाखवत होतं. त्यातले दोनेक हवेने खाल्लेले, कारण मीटरभरात छर्रा तेवढा मंदावतो. बाकीच्याला पाच सेंटिमीटरमधला अर्धा मिलिमीटरही पुरतो. तिथेच एक टक्का चूक झाली. पण तो तंटा आम्ही सोडून दिला. कायद्यासाठी आकडा खरा लागतो: २०१६ च्या नियमांप्रमाणे .१७७ बोअर आणि २० ज्यूलपर्यंत परवाना लागत नाही. आमचा अर्ध्या ग्रॅमचा छर्रा आठ ज्यूलच्या आसपास, मग दोन मीटर इकडे की तिकडे, काय फरक पडतो? आम्हाला हवं होतं ते सातत्य, आणि त्यावर दोन्ही यंत्रांचं एकमत झालं होतं.

कागदावर पुतणीचे छर्रे वर-खाली आठ मिलिमीटर पसरत होते. त्यात बंदुकीचा वाटा अर्धा मिलिमीटरही नाही.

तिने वहीतला भागाकार दोनदा केला. मग विचारलं, "काका, म्हणजे त्या दिवशीपण मीच?"

मी हो म्हणालो. ती उठून आत गेली. वहिनी म्हणाली, "भाऊजी, सणासुदीचं काय गरज होती?" दादा काहीच बोलला नाही, पण रात्री दोन घास जास्त जेवला, हे मी पाहिलं.

वहिनीच्या प्रश्नाचं उत्तर अजून शोधतोय. पंधरा वर्षांच्या पोरीला बंदुकीचा आडोसा होता, तो आम्ही दोन यंत्रं लावून काढून घेतला. पण नवी बंदूक आली असती आणि छर्रे तसेच वर-खाली गेले असते, तर तिच्या डोक्यावर त्या कापसाचंही ओझं बसलं असतं. ते मला जास्त भयंकर वाटतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी खोलीतून पुन्हा फट्-फट् आवाज यायला लागला. वहीत तिसरा रकाना होता: श्वास कधी रोखला.

असो. मित्रा, हे वाचत असशील तर तुझं यंत्र अजून महिनाभर दारव्ह्यातच राहील. छर्र्यांचे डबे तपासायचेत म्हणे. :)