सर्वांत प्रसिद्ध बेल्जियन कोण? एका कोड्याची दोन उत्तरे

दहा प्रसिद्ध बेल्जियन माणसांची नावे सांगा, असे आव्हान देऊन समोरच्याची फजिती पाहण्याचा एक खेळ इंग्रजी बोलणाऱ्यांत बरीच वर्षे चालत आला आहे. पहिले नाव बहुधा एर्क्यूल प्वारोचे निघते, दुसरे टिनटिनचे. मग कोणीतरी आठवण करून देतो की हे दोघे कधी जन्मालाच आलेले नाहीत, आणि हशा पिकतो. पण या थट्टेच्या मुळाशी गेले की बेल्जियम नावाच्या छोट्या राष्ट्राचे खरे दुखणे हाती लागते.

प्वारोपासूनच आरंभ करावा. पहिल्या महायुद्धात जर्मन सैन्य बेल्जियममध्ये घुसल्यावर हजारो बेल्जियन निर्वासित इंग्लंडच्या आश्रयाला गेले. अगाथा ख्रिस्तीने त्यांना पाहिले आणि आपला गुप्तहेर त्यांच्यातला एक केला. १९२० साली अवतरलेला हा मिशाळ गृहस्थ १९७५ मध्ये कागदावर मरण पावला, तेव्हा ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने त्याची मृत्युवार्ता पहिल्या पानावर छापली. एवढी कीर्ती लाभूनही आयुष्यभर त्याला लोकांना बजावावे लागले की आपण फ्रेंच नाही, बेल्जियन आहोत. हाडामांसाच्या अनेक बेल्जियनांच्या वाट्यालाही हेच आले.

यादी करू जाणाऱ्याची पहिली अडचण ही की बेल्जियम हे राष्ट्रच १८३० सालचे. नकाशांचा मर्काटर, शरीररचनाशास्त्राचा वेसालियस, चित्रकार रूबेन्स हे सारे त्यापूर्वीच काळाच्या पडद्याआड गेलेले. रूबेन्सचा तर जन्मही आजच्या जर्मनीतला. सॅक्सोफोनचा जनक अडॉल्फ साक्स दिनाँ गावी १८१४ मध्ये जन्मला, पण वाद्याचे पेटंट त्याने १८४६ मध्ये पॅरिसला घेतले. बेकलाइटचा संशोधक लिओ बेकलंड गेंटचा. त्याचे नाव झाले अमेरिकेत. ऑड्री हेपबर्न ब्रुसेल्समध्ये जन्मली हे सांगितल्यावर बहुतेकांना आश्चर्यच वाटते.

दुसरी अडचण अधिक खोल आहे. नव्या राष्ट्राचा दरबार, न्यायालये, सैन्य आणि विद्यापीठे फ्रेंचमधून चालत. उत्तरेकडील फ्लँडर्सची जनता डच भाषेची रूपे बोले, आणि ती बहुसंख्य असूनही तिची बोली शेतकऱ्यांची भाषा म्हणून हिणवली जाई. गेंटचे विद्यापीठ पूर्णपणे डच भाषेत येण्यास १९३० साल उजाडले. १९६२-६३ मध्ये भाषांची सीमारेषा कायद्याने आखली गेली. १९६८ मध्ये ल्यूव्हेनचे पुरातन विद्यापीठ भाषेच्या वादावरून दुभंगले, आणि पुढे त्याच्या ग्रंथालयाची वाटणी सम आणि विषम क्रमांकांनुसार झाली. एका ग्रंथमालेचे काही खंड एका गावी, उरलेले दुसऱ्या! बेळगाव-निपाणीचा प्रश्न ऐकत वाढलेल्या मराठी वाचकाला या हट्टामागची वेदना वेगळी समजावून सांगावी लागू नये.

याच वेदनेचे एक फळ भारताच्या पदरात पडले. कामिल बुल्के हा १९०९ मध्ये जन्मलेला फ्लेमिश तरुण ल्यूव्हेनला अभियांत्रिकी शिकला, जेझुइट झाला आणि १९३५ मध्ये भारतात आला. मातृभाषेची उपेक्षा त्याने स्वतःच्या देशात अनुभवली होती; येथे इंग्रजीपुढे दबणारे सुशिक्षित पाहून त्याला तेच चित्र पुन्हा दिसले. रामकथेच्या उत्पत्तीवर आणि विकासावर त्याने अलाहाबादला हिंदीतून प्रबंध लिहिला आणि नंतर इंग्रजी-हिंदी कोश रचला. उत्तर भारतातल्या एखाद्या हिंदी प्राध्यापकाला सर्वांत प्रसिद्ध बेल्जियन विचारावा. उत्तर ‘बाबा बुल्के’ असे आले तर ते चूक ठरवण्याचा अधिकार कोणाला?

स्वतः बेल्जियनांना हा प्रश्न २००५ मध्ये विचारला गेला, अर्थात दोनदा. डच भाषेच्या दूरचित्रवाणीने आपल्या प्रेक्षकांना सर्वश्रेष्ठ बेल्जियन निवडण्यास सांगितले, फ्रेंच भाषेच्या दूरचित्रवाणीने आपल्या. एका राष्ट्राच्या थोर पुरुषाची निवड, आणि मतपेट्या दोन. फ्लँडर्सने निवडला फादर डेमियन. फ्रेंच भाषकांनी निवडला गायक झाक ब्रेल. फ्लेमिश यादीत ब्रेल सातवा आला, तर फ्रेंच यादीत डेमियन तिसरा. सायकलपटू एडी मर्क्स मात्र एकीकडे तिसरा आणि दुसरीकडे चौथा होता. पाच वेळा ‘तूर द फ्रान्स’ जिंकणारा हा वीर दोन्ही घरांना आपला वाटे. तरीही १९६७ मध्ये त्याच्या विवाहाचा धर्मविधी फ्रेंचमधून झाला, तेव्हा फ्लँडर्समध्ये नाराजी उमटलीच.

ब्रेलची कथा याहून गुंतागुंतीची. घराणे मूळचे फ्लेमिश, घरची भाषा फ्रेंच, जन्म ब्रुसेल्सचा. फ्लँडर्सच्या सपाट भूमीवर त्याने गायिलेले गीत आजही तेथील लोकांच्या डोळ्यांत पाणी आणते. आणि फ्लेमिश राष्ट्रवाद्यांवर त्याने केलेले प्रहार काहींना आजही विसरता आलेले नाहीत. स्वतःला तो फ्लेमिश म्हणवीत असे. १९७४ मध्ये तो अँटवर्पहून शिडाच्या नौकेने निघाला आणि प्रशांत महासागरातील हिवा ओआ बेटावर स्थायिक झाला. तेथे छोटे विमान बाळगून तो बेटवासीयांची टपाले आणि रुग्ण इकडून तिकडे नेई. १९७८ मध्ये पॅरिसजवळ त्याचा मृत्यू झाला; दफन त्याच बेटावर झाले, चित्रकार गोगँच्या थडग्यापासून जवळच.

त्याच महासागरात शंभर वर्षांपूर्वी डेमियन गेला होता. ट्रेमेलो गावच्या शेतकऱ्याचा हा मुलगा १८६४ मध्ये हवाईला पोचला आणि १८७३ मध्ये मोलोकाई बेटावरील कुष्ठरोग्यांच्या वसाहतीत स्वेच्छेने राहू लागला. रोग्यांना तेथे सक्तीने आणून सोडले जाई. त्याने घरे बांधली, जखमा धुतल्या, शवपेट्या ठोकल्या, थडगी खणली. पुढे त्यालाही तोच रोग जडला आणि १८८९ मध्ये तो तेथेच निवर्तला. कुष्ठसेवेसाठी त्याच्या नावाने दिला जाणारा डेमियन-डटन पुरस्कार १९८३ मध्ये बाबा आमटे यांना मिळाला, हा आनंदवनाशी जुळलेला दुवा येथे नोंदवायलाच हवा.

आता तिसरे नाव, जे टाळून ही चर्चा प्रामाणिक राहत नाही. राजा लिओपोल्ड दुसरा. १८८५ ते १९०८ काँगो ही त्याची जवळजवळ खासगी मालमत्ता होती. त्या भूमीवर त्याने कधी पाऊलही ठेवले नाही. पण रबराच्या हव्यासापायी तेथे गावे जाळली गेली, माणसांचे हात तोडले गेले, अगणित जीव गेले. प्रसिद्धीचा अर्थ केवळ ‘जगाला ठाऊक असणे’ एवढाच घेतला तर आफ्रिकेच्या मध्यभागी या राजाइतका प्रसिद्ध बेल्जियन दुसरा नाही. २००५ च्या दोन्ही मतदानांत ‘सर्वश्रेष्ठ’ हा शब्द योजल्यामुळे त्या देशाला हे उत्तर सोयीस्करपणे बाजूला ठेवता आले. २०२० मध्ये अँटवर्पमधील त्याचा एक पुतळा काढून नेण्यात आला, तेव्हा ते पुन्हा समोर आले.

यांपैकी एकच निवडायचा झाला तर कौल डेमियनकडे झुकतो, आणि त्याचे कारण त्याचे संतपद नव्हे. त्याच्या कीर्तीवर बेल्जियमचा एकट्याचा हक्क चालत नाही, म्हणून. १९३६ मध्ये बेल्जियमने त्याचे अवशेष मोलोकाईहून परत मागवले. ज्या जहाजातून ते अँटवर्पला आले, त्याचे नाव होते ‘मर्काटर’. ल्यूव्हेनमध्ये त्याचे पुन्हा दफन झाले. हवाईच्या लोकांना हे नेणे रुचले नव्हते. ज्यांच्यात तो राहिला आणि मेला, ते त्याला आपला मानत. अखेरीस १९९५ मध्ये, त्याला धन्य घोषित केल्यावर, त्याच्या उजव्या हाताचे अवशेष मोलोकाईला परत पाठवण्यात आले आणि मूळच्या थडग्यात पुरण्यात आले. उरलेला देह ल्यूव्हेनला आहे.