कोरियन भाषकांसाठी 'कम्पेअर'

इंग्रजी 'कम्पेअर'साठी कोरियन विद्यार्थ्याजवळ 'बिग्योहादा' हे क्रियापद आधीच असते. 'बिग्यो' म्हणजे तुलना, 'हादा' म्हणजे करणे. घडण थेट मराठीसारखी. त्यामुळे अर्थ पहिल्याच तासाला कळतो. अडते ते वाक्यात.

कोरियनमध्ये क्रियापद शेवटी येते आणि कशाची तुलना कशाशी, हे नामाला लागलेले प्रत्यय सांगतात. म्हणून 'बुसानची सोलशी' म्हटले काय किंवा 'सोलशी बुसानची' म्हटले काय, अर्थ तोच. इंग्रजीत हे काम शब्दाची जागा करते. 'कम्पेअर'ला लागून येते ते तपासायचे शहर, 'विथ'नंतर येतो तो मापदंड.

सर्वांत चिवट चूक वाक्यारंभी होते. 'बिग्योहाम्योन', म्हणजे 'तुलना केली तर', हे कोरियनमध्ये कर्त्यावाचून चालते. त्यावरून 'इफ कम्पेअर विथ सोल, बुसान इज स्मॉल' असे वाक्य तयार होते. इंग्रजीला तिथे 'कम्पेअर्ड विथ सोल' हवे. हे रूप नुसते पाठ करून घेणे व्यर्थ आहे. मुख्य वाक्याचा कर्ता बुसान. तो तुलना करत नाही, त्याची तुलना होते, म्हणून कर्मणी रूप. एवढे उमगले की पुढची चूकही विद्यार्थ्याच्या आपोआप लक्षात येऊ लागते: 'कम्पेअर्ड विथ सोल, द पॉप्युलेशन ऑफ बुसान इज स्मॉल' यात शहराशी लोकसंख्या ताडली जाते. 'सोल'च्या आधी 'दॅट ऑफ' घातले की लोकसंख्येशी लोकसंख्या येते.

'विथ' की 'टू', याची लोक उगाच धास्ती घेतात. साम्य आणि फरक तपासायचे तर 'विथ', एकाला दुसऱ्याची उपमा द्यायची तर 'टू', असा जुना संकेत आहे. कोरियनमध्ये उपमेसाठी 'बियुहादा' हे वेगळेच क्रियापद आहे, आणि प्रत्ययही वेगळा: तुलनेला 'वा' किंवा 'ग्वा', उपमेला 'ए'. आयुष्याला प्रवासाची उपमा देताना विद्यार्थी 'ए' वापरतोच; तिथे 'टू' ठेवायचे. 'कम्पेअर्ड'ने सुरू होणाऱ्या रचनेत मात्र आज दोन्ही रूढ आहेत, तिथे अडवू नये.

उरतो अकर्मक वापर. दुकानातले किमची घरच्या किमचीच्या पासंगालाही पुरत नाही, हे कोरियन माणूस 'बिग्योगा आन द्वेदा', म्हणजे 'तुलनाच होत नाही', असे म्हणतो. इंग्रजीत तो 'कॅनॉट बी कम्पेअर्ड' लिहितो. ते व्याकरणात बसते, पण बोलण्यात 'डझन्ट कम्पेअर' सहज येते, आणि त्याच्या मूळ वाक्याच्या अधिक जवळचेही आहे.