बदललेला शेवट

शिक्षकाच्या धंद्यात एक मोठी सोय आहे. जे धैर्य आपल्याला स्वतः दाखविता आले नाही, ते दुसऱ्याने कसे दाखविले याची चर्चा त्याला आयुष्यभर करता येते, आणि त्याबद्दल वेतनही मिळते. गेली पंचवीस वर्षे मी इंग्रजी कथा शिकवीत आलो. परंतु या सोयीची लाज वाटण्याचा प्रसंग माझ्यावर यंदाच आला.

वर्गात फ्लॅनरी ओकॉनर या अमेरिकन लेखिकेची ‘ए गुड मॅन इज हार्ड टू फाइंड’ ही कथा चालली होती. एक कुटुंब मोटारीने प्रवासास निघते, आजीबाईंच्या हट्टापायी आडवाटेला लागते, मोटार उलटते, आणि तुरुंगातून पळालेल्या एका खुन्याच्या हाती सारी माणसे सापडतात. त्यांतले एकही वाचत नाही. जन्मभर घरंदाजपणाचा तोरा मिरविणारी आजी शेवटच्या क्षणी त्या खुन्याकडे पोटच्या पोराकडे पाहावे तसे पाहते, त्याच्या खांद्याला हात लावते. आणि तो तिला गोळ्या घालतो. कथा संपल्यावर एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, ही बाई एवढी श्रद्धाळू होती म्हणता, मग त्या खुन्याला तिने निदान शेवटी तरी पश्चात्ताप का होऊ दिला नाही?”

“तिला जे दिसले तेच तिने लिहिले,” असे उत्तर देऊन मी पुस्तक मिटले. उत्तर खोटे नव्हते. ते देण्याचा अधिकार मात्र मला नव्हता.

ओकॉनरचा जन्म १९२५ सालचा, जॉर्जिया संस्थानातील सव्हाना गावचा. भोवतालचा सारा मुलूख कडव्या प्रॉटेस्टंट पंथांचा. त्यात तिचे घर कॅथलिक. १९४७ साली आयोवा विद्यापीठात शिकत असतानाच तिच्या अपुऱ्या कादंबरीला राइनहार्ट या प्रकाशनसंस्थेचे पारितोषिक मिळाले. पुढील प्रकरणे वाचून १९४९ मध्ये संस्थेच्या संपादकाने ती अधिक रुळलेल्या वाटेने न्यावी असे सुचविले. या मुलीला चोवीसावे वर्षही पुरे झाले नव्हते. हाती पैसा नव्हता, नाव नव्हते. तरीही तिने कळविले की, पुस्तकाला जे साधायचे आहे ते अधिक चांगले साधावे म्हणून केलेली टीका मी ऐकेन; त्याला निराळे पुस्तक बनविणारी टीका ऐकणार नाही. संबंध तुटला. ‘वाइज ब्लड’ ही ती कादंबरी १९५२ साली दुसऱ्या प्रकाशकाकडून प्रसिद्ध झाली.

मधल्या काळात तिला ल्यूपसने गाठले. याच रोगाने तिचे वडील १९४१ साली गेले होते. आईने रोगाचे खरे नाव तिच्यापासून लपविले. ते तिला १९५२ च्या उन्हाळ्यात एका मैत्रिणीकडून कळले. उरलेले आयुष्य तिने मिलेजव्हिलजवळच्या आईच्या गोठ्याशेतावर काढले. चर्चमध्ये मिस्सा, मग सकाळचे दोनतीन तास लेखन, दुपारी पत्रे आणि पाळलेले मोर. पुढे कुबड्या आल्या. सकाळचे तास मात्र चुकले नाहीत. १९६४ च्या ऑगस्टमध्ये एकोणचाळिसाव्या वर्षी ती वारली.

बोधप्रद, गोड गोष्टी लिहाव्यात असा तिला धर्मबांधवांचाच आग्रह असे. तिचे म्हणणे असे की, श्रद्धेने लेखकाचे डोळे मिटत नाहीत, उलट अधिक उघडतात. देवाच्या सृष्टीला रंगरंगोटी करण्याची गरज श्रद्धावंताला भासत नाही. आमच्या तुकोबांनी माळा मिरविणाऱ्या भोंदूंची गय केली नाही, ती याच बळावर. तिला देव्हाऱ्यात बसविण्याचा मात्र माझा हेतू नाही. तिच्या खाजगी पत्रांत कृष्णवर्णीयांविषयी हीन उद्गार आहेत, आणि त्यापायी २०२० मध्ये मेरीलंडच्या लॉयोला विद्यापीठाने एका वसतिगृहाचे तिचे नाव काढून टाकले. लेखणीला जेवढे दिसते तेवढे लेखकाच्या वर्तनात उतरतेच असे नाही.

तिच्या एका कथेत एक भटक्या आपल्या मुक्याबहिऱ्या नवपरिणीत वधूला वाटेवरच्या खाणावळीत टाकून पळतो. १९५७ साली ही कथा दूरचित्रवाणीवर आली, तेव्हा तो भला माणूस बायकोला न्यायला परत येतो, असा शेवट करण्यात आला! मिळालेल्या पैशांतून ओकॉनरने आईला नवे रेफ्रिजरेटर घेऊन दिले. पुस्तकातला भटक्या मात्र आजही परतलेला नाही.

हा बदललेला शेवट वर्गात सांगताना मी नेहमी हसत असे, आणि मुलेही हसत. परंतु त्या दिवशी घरी जाताना मला हसू आले नाही. कारण असा एक शेवट माझ्याही नावावर जमा आहे.

आमचे थोरले काका माळकरी होते. त्यांची आषाढीची वारी कधी चुकली नाही. धाकटे काका अकाली वारल्यावर त्यांच्या वाट्याचे शेत थोरल्यांनी गोड बोलून आपल्या नावावर करून घेतले, आणि काकू त्याच शेतात मजुरीला जाऊ लागल्या. वयाच्या सव्विसाव्या वर्षी मी यावर कथा लिहिली. संपादकांनी ती परत धाडली. सोबत पत्र होते की, कथा उत्तम आहे, पण आमचे वाचक भाविक आहेत. म्हाताऱ्याला चंद्रभागेच्या वाळवंटात पश्चात्ताप झालेला दाखवा. मी एका रात्रीत तो दाखविला. कथा छापून आली, वडिलांनी शेजाऱ्यांना वाचून दाखविली, थोरल्या काकांनीही कौतुक केले. काकूंना वाचता येत नसे. त्यांनी ती कोणाकडून तरी वाचून घेतली. पुढे भेटल्या तेव्हा एवढेच म्हणाल्या, “छान लिहिलंस हो, बाळ. पण शेत काही परत आलं नाही.”

त्यानंतर मी कथा लिहिली नाही.

पुढच्या तासाला मी हे सारे वर्गाला सांगितले. वर्ग स्तब्ध झाला. मग त्याच विद्यार्थिनीने विचारले, “मूळ शेवट काय होता, सर?”

मूळ शेवट मी कल्पिला नव्हता, पाहिला होता. काका वारीहून परतले आणि दारोदार प्रसाद वाटीत काकूंच्या दारीही आले. शेताविषयी अवाक्षर निघाले नाही. काकूंनी लाह्या-बुक्क्याची पुडी दोन्ही हातांनी घेतली, कपाळाला लावली, आणि वारी करून आलेल्या त्या माणसाच्या पायांवर डोके ठेवले.

हे सांगता सांगता माझ्या ध्यानात आले की, कथेत देव होता तो याच ठिकाणी. माणसाच्या लबाडीपलीकडे पाहून नमस्कार करणारी ती बाई हीच माझ्या कथेतली श्रद्धा होती; आणि भाविक वाचकांचे मन राखण्यासाठी मी नेमकी तीच काढून टाकली होती. काकू जाऊन आता अकरा वर्षे झाली. ट्रंकेच्या तळाशी असलेली ती पिवळी पाने मी काल बाहेर काढली आहेत.